दुर्बीण की गळ्यातले लोढणे? हार्नेस निवडण्याची आणि बसवण्याची सोपी रीत

पक्षी सप्ताहात घाणेवाडी किंवा जायकवाडीला जाणार असाल, तर दुर्बिणीइतकेच लक्ष तिच्या पट्ट्याकडेही द्या. कोणता हार्नेस घ्यावा, तो अंगावर कसा बसवावा आणि ऑनलाइन दुकानात दिसणाऱ्या ‘हंटिंग हार्नेस’ या नावाचा अर्थ काय, हे समजून घेऊ.

जालना : ५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस. या दोन तारखांना जोडून राज्यात २०२० पासून पक्षी सप्ताह साजरा होतो. हिवाळी पाहुण्यांच्या आगमनाचा काळही हाच. नाथसागरावर बदकांचे थवे उतरू लागतात, जालना शहराजवळच्या घाणेवाडी जलाशयाच्या काठावर सकाळी दुर्बिणी घेतलेली मंडळी दिसू लागतात.

पण दोन-तीन तास झाले की त्यातल्या अनेकांच्या दुर्बिणी पिशवीत जातात. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते, ‘मान दुखायला लागली.’ मग नेमका त्याच वेळी डोक्यावरून भोवत्या ससाणा जातो, पिशवीची चेन उघडेपर्यंत तो झाडांआड झालेला असतो. हजारो रुपयांची दुर्बीण घेऊनही पक्षी हुकतो, तो बहुतेक वेळा काचेमुळे नाही, तर पट्ट्यामुळे.

थोडक्यात महत्त्वाचे

- दुर्बीण ५०० ग्रॅमपेक्षा जड असेल आणि तासाभराहून जास्त वेळ अंगावर राहणार असेल, तर हार्नेस उपयोगी.
- मराठवाड्याच्या उन्हात आणि धुळीत जाळीदार पाठीचा, धुता येणारा हार्नेस घ्या.
- विकत घेताच बाहेर पडू नका. घरी गादीवर चाचणी घ्या.
- मोटारसायकल चालवताना दुर्बीण छातीवर नको, पिशवीतच.
- आपल्याकडे शिकार हा गुन्हा आहे. हार्नेसच्या नावात ‘हंटिंग’ असले तरी त्याचा उपयोग पाहण्यासाठीच.

हार्नेस म्हणजे नेमके काय?

दुर्बिणीसोबत खोक्यात येतो तो गळ्यात अडकवायचा साधा पट्टा. हार्नेस म्हणजे शाळेच्या दप्तरासारखा दोन्ही खांद्यांवरून जाणारा पट्टा. तो पाठीवर एकमेकाला छेदतो, दोन्ही काखांखालून पुढे येतो आणि दुर्बीण छातीसमोर धरून ठेवतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करू. हार्नेसमुळे दुर्बिणीचे वजन कमी होत नाही, वजन पेलण्याची जागा बदलते. पक्षीनिरीक्षणासाठी सर्वाधिक वापरली जाणारी ८×४२ दुर्बीण साधारण ६०० ते ८०० ग्रॅमची असते. म्हणजे तीन-चार मोसंब्यांएवढी. हातात घेतल्यावर हे ओझे वाटत नाही. पण हाच भार मानेच्या मागच्या बाजूला दोन सेंटीमीटर रुंदीच्या पट्टीवर चार तास टांगला की मान पुढे ओढली जाते आणि खांदे आखडतात.

ढोबळ हिशेब करून पाहा. मानेवर टेकलेला पट्टा दोन सेंटीमीटर रुंद आणि बारा सेंटीमीटर लांब धरला, तर भार २४ चौरस सेंटीमीटरवर पडतो. हार्नेसचे दोन पट्टे अडीच सेंटीमीटर रुंद असतील आणि प्रत्येक पट्टा खांद्यावर वीस सेंटीमीटर टेकत असेल, तर तोच भार १०० चौरस सेंटीमीटरवर पसरतो. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला दाब चौपटीने कमी. शिवाय मानेचे मणके यातून मोकळे होतात.

दुसरा फायदा स्थैर्याचा. गळ्यातली दुर्बीण चालताना घड्याळाच्या लंबकासारखी झुलते आणि वाकले की पुढे लोंबते. काटेरी कुंपणाखालून जाताना, बंधाऱ्याच्या दगडांवर उतरताना किंवा विहिरीवर झुकलेल्या बाभळीवरची सुगरणीची घरटी पाहताना ती दगडावर आपटण्याची भीती असते. आतले प्रिझम एकदा जागचे हलले की एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसू लागतात. ती दुरुस्ती घरी होत नाही.

कुणाला गरज आहे, कुणाला नाही?

सगळ्यांनी हार्नेस घ्यावा असे अजिबात नाही. ८×२१ किंवा ८×२५ अशी खिशात मावणारी दुर्बीण दोन-तीनशे ग्रॅमची असते. तिला साधा पट्टा पुरतो. शाळेच्या सहलीत लहान मुलांना अशीच हलकी दुर्बीण द्यावी. घराच्या गच्चीवरून अर्धा तास पाहणाऱ्यालाही हार्नेसची गरज नाही.

गरज आहे ती तासन् तास चालणाऱ्यांना. नियमित पक्षीनिरीक्षक, पाणपक्ष्यांच्या मोजणीत भाग घेणारे विद्यार्थी, गस्तीवरचे वनरक्षक, बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसणारे स्वयंसेवक, १०×५० सारखी जड दुर्बीण वापरणारे, आणि एका खांद्यावर कॅमेरा व गळ्यात दुर्बीण अशी दुहेरी कसरत करणारे छायाचित्रकार.

ज्यांना आधीच मानेचा त्रास आहे त्यांनाही हार्नेसने आराम पडू शकतो. मात्र हाताला मुंग्या येत असतील, बोटे बधिर होत असतील किंवा विश्रांतीनंतरही दुखणे थांबत नसेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. हार्नेस हा उपचार नाही.

बाजारात कोणते प्रकार मिळतात?

१. रुंद मऊ मानपट्टा. हा खरे तर हार्नेस नाही. जुन्याच पट्ट्याची रुंद, गादीदार आवृत्ती. स्वस्त आणि सोपा. पण भार मानेवरच राहतो, आणि फोमसारख्या कापडाखाली उन्हात घाम साचतो. हलक्या दुर्बिणीसाठी आणि थोड्या वेळासाठी ठीक.

२. तिरपा पट्टा. शबनम पिशवीसारखा एका खांद्यावरून दुसऱ्या बाजूच्या कमरेकडे जाणारा. मान सुटते, घालायला-काढायला सोपा. पण सगळा भार एकाच खांद्यावर येतो आणि पळताना दुर्बीण कुशीत आपटते. मध्येमध्ये खांदा बदलत राहावे लागते.

३. पाठीवर फुली असलेला हार्नेस. सर्वाधिक खपणारा आणि बहुतेकांना पुरेसा. पाठीवर कातड्याची किंवा कापडाची चकती, तिच्यातून निघणारे चार पट्टे. यात दोन पोटप्रकार आहेत. इलॅस्टिकच्या पट्ट्यात दुर्बीण डोळ्याला लावताना पट्टा ताणला जातो. सरकत्या पट्ट्यात तो दुर्बिणीच्या कडीतून घसरतो, ताण येत नाही. इलॅस्टिक दुर्बिणीला छातीशी घट्ट धरते, पण ते फार कडक असेल तर दुर्बीण डोळ्यांपासून खाली ओढते आणि हात थरथरतात.

४. छातीवरची पेटी. हार्नेसला जोडलेली झाकणाची कापडी पेटी. दुर्बीण आत राहते. धूळ आणि रिमझिम पाऊस यांपासून सर्वांत चांगले संरक्षण. पण पेटीचे स्वतःचे वजन वाढते, छातीवर उष्णता कोंडते आणि दर वेळी झाकण उघडावे लागते. वेल्क्रोचे झाकण असेल तर ‘चर्र’ आवाजाने जवळचा पक्षी उडालाच म्हणून समजा. चुंबकाचे किंवा इलॅस्टिकच्या फासाचे झाकण शांत असते.

जालन्याच्या हवेत काय पाहून घ्यावे?

परदेशी जाहिरातींत हार्नेस जाड कोटावर घातलेला दिसतो. आपल्याकडे तो सुती शर्टावर, मे महिन्यात चाळीस अंशांपुढच्या उन्हात घालायचा असतो. त्यामुळे निवडीचे निकषही वेगळे.

पाठ : चकती जाळीदार किंवा पातळ असावी. जाड रेक्झिनखाली घामोळे येते.

पट्टा : किमान अडीच सेंटीमीटर रुंद, कडा मऊ. बोटाने कड घासून पाहा. बोटाला टोचली तर गळ्याला नक्की काचेल.

बकल : आपल्या काळ्या मातीची बारीक धूळ धातूच्या चापाच्या स्प्रिंगमध्ये शिरून तो अडकवते. जाड प्लॅस्टिकचे, दोन बोटांनी उघडणारे बकल अधिक बरे. धातूची कडी असलीच तर ती दुर्बिणीच्या काचेपर्यंत पोहोचत नाही ना, हे बघा.

जोडाची रुंदी : दुर्बिणीच्या दोन्ही बाजूंना पट्टा ओवण्याची खाच असते. हार्नेसची टोके साधारण एक सेंटीमीटर रुंद असतात. खाच त्याहून अरुंद असेल तर पट्टा शिरणार नाही. त्यासाठी मजबूत दोरीच्या फासाचा जोड वेगळा मिळतो. खरेदीआधी पट्टीने खाच मोजा.

झटपट सुटणारा जोड : दुर्बीण सोबत्याला पाहायला द्यायची असते. प्रत्येक वेळी अख्खा हार्नेस उतरवण्यापेक्षा दोन क्लिप काढणे सोपे.

पेटीचे माप : छातीवरची पेटी घेणार असाल तर दुर्बिणीची उंची, रुंदी आणि जाडी तिन्ही मोजा. फक्त ‘४२ एमएमसाठी’ एवढ्या शब्दांवर विसंबू नका. एकाच आकड्याच्या दोन दुर्बिणींच्या लांबीत बराच फरक असू शकतो.

रंग : मातकट, राखी किंवा फिका हिरवा. लष्करी छाप्याचे कापड टाळलेले बरे. गावच्या शिवारात अनोळखी माणूस अशा पोशाखात दुर्बीण घेऊन फिरला की संशय येतोच, आणि तो येणे चुकीचेही नाही.

बजेट कमी असेल तर जुन्या दप्तराचे पट्टे, बकले आणि रुंद नाडीपट्टी घेऊन पिशव्या शिवणाऱ्या कारागिराकडून हार्नेस शिवून घेता येतो. एकच अट. दुर्बिणीला जोडणारे टोक दुहेरी कापडाचे आणि चौकटीत फुली अशा शिलाईचे हवे. दप्तराच्या पट्ट्याच्या मुळाशी असते तशी. एका ओळीची शिलाई उसवली की नुकसान हार्नेसचे नाही, दुर्बिणीचे.

बसवायचा कसा? आठ पायऱ्या

१. दुर्बिणीचा जुना पट्टा पूर्ण काढा. दोन्ही पट्टे एकत्र ठेवले की गुंता ठरलेला.

२. हार्नेसची टोके खाचेत बाहेरून आत, खालून वर ओवा आणि बकलाच्या खाचांतून परत फिरवा. शेवटी तीन-चार सेंटीमीटर शेपूट शिल्लक हवे. ते पुन्हा बकलाखाली खोचा, म्हणजे ओढ बसली तरी निसटत नाही.

३. नेहमी घालता तेच कपडे घालून हार्नेस चढवा. हिवाळ्यात स्वेटरवर बसवलेले माप उन्हाळ्यात सैल पडते. ऋतू बदलला की माप बदला.

४. पाठीची चकती दोन फऱ्यांच्या मधोमध आणा. ती मानेकडे सरकली तर पट्टे गळ्याला काचतात, कमरेकडे गेली तर खांद्यांवरून घसरतात. ही जागा स्वतःला दिसत नाही, घरातल्या कुणाला तरी पाहायला सांगा.

५. आता उंची. उभे राहिल्यावर दुर्बिणीचा खालचा भाग छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकाजवळ यावा. पोटावर आली तर बसताना मांडीला लागते. पेटी असेल तर मान खाली घातल्यावर हनुवटी झाकणाला टेकू नये.

६. डावा-उजवा पट्टा सारखा करा. आरशासमोर पाहा. दुर्बीण तिरकी दिसत असेल तर एक खांदा जास्त भार घेत आहे.

७. दुर्बीण डोळ्यांना लावा. वीस सेकंद धरा. पट्टा मागे ओढतो असे वाटले तर पुढचे पट्टे थोडे सैल सोडा. काखेत काचत असेल तर बाजूचे पट्टे सोडा. छाती भरून श्वास घेता आला पाहिजे.

८. माप जमले की बकलाजवळ पट्ट्यावर पेनाने बारीक खूण करा. धुतल्यावर किंवा दुसऱ्याला वापरायला दिल्यावर पुन्हा शोधाशोध नको.

पाठीवर सॅक नेत असाल तर क्रम लक्षात ठेवा. आधी हार्नेस, त्यावर सॅक. उलट केले तर पाणी काढायला सॅक उतरवताना हार्नेसही उतरवावा लागतो.

महिलांच्या बाबतीत सर्वांसाठी एकच मापाचा हार्नेस अनेकदा बसत नाही, कारण तो पुरुषांची छाती आणि खांदे गृहीत धरून बनवलेला असतो. पुढचे पट्टे छातीच्या बाहेरच्या बाजूने जातील असे बाजूचे पट्टे आवळा आणि दुर्बीण किंचित खाली ठेवा. खांद्यांची रुंदी कमी असेल तर पाठीच्या चकतीची जागा बदलता येणारा हार्नेस घ्या. ओढणी हार्नेसच्या आत खोचलेली हवी. बाहेर राहिली तर ती वाऱ्याने नेमकी काचेसमोर येते.

गादीवरची पाच मिनिटांची चाचणी

बाहेर पडण्यापूर्वी गादीजवळ उभे राहून एवढे करा. दोन्ही जोड हाताने जोरात ओढा. दुर्बीण हातातून अलगद सोडा. ती छातीशी थांबली पाहिजे, पोटापर्यंत आपटत जाता कामा नये. बुटाची नाडी बांधायला वाकतो तसे वाका. दुर्बीण लोंबून चेहऱ्यासमोर आली तर बाजूचे पट्टे सैल आहेत. जिना चढा-उतरा, मांडी घालून बसा. शेवटी डोळे मिटून दुर्बीण उचला आणि डोळ्यांना लावा. पाच वेळा. हात न चाचपडता तिथे पोहोचू लागले की हार्नेस बसला.

वापरताना काय टाळावे?

मोटारसायकलवर छातीवर दुर्बीण नको. गाडी घसरली तर पाऊण किलोची टणक वस्तू थेट बरगड्यांवर बसते. प्रवासात ती पिशवीतच ठेवा, पोहोचल्यावर हार्नेस घाला.

हार्नेस भरभरून सजवू नका. मोबाइल, पाण्याची बाटली, पक्ष्यांचे पुस्तक, चाव्या असे एकेक अडकवत गेले की वाचवलेला भार परत खांद्यावर येतो.

सूर्याकडे दुर्बीण नको. उगवत्या-मावळत्या सूर्याजवळून उडणारा थवा पाहतानाही नाही. क्षणभरातही डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा होऊ शकते.

घामाचे मीठ साचू देऊ नका. महिन्यातून एकदा हार्नेस कोमट पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवा आणि सावलीत वाळवा. कडक ऊन इलॅस्टिकचा जीव घेते. ताणून सोडल्यावर ते पूर्ववत होत नसेल किंवा त्यावर लाटा पडल्या असतील, तर बदलण्याची वेळ आली.

‘हंटिंग हार्नेस’ असे नाव का? घेतला तर चालतो का?

ऑनलाइन शोधल्यावर यातले बरेच हार्नेस शिकारीच्या साहित्यात दिसतात. अमेरिकेसारख्या देशांत परवाना घेऊन ठरावीक हंगामात शिकार करता येते. तिथले शिकारी तासन् तास डोंगरउतार दुर्बिणीने न्याहाळतात, म्हणून छातीवरच्या पेटीचा प्रसार त्यांच्यात मोठा. वस्तू तीच, काम वेगळे. हार्नेस घेण्यावर आपल्याकडे कोणतीही बंदी नाही.

बंदी आहे ती शिकारीवर. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नुसार अनुसूचीतील वन्यप्राण्यांची शिकार हा गुन्हा आहे. आणि कायद्याच्या भाषेत शिकार म्हणजे फक्त बंदूक चालवणे नव्हे. पकडणे, फासे-सापळे लावणे, विष घालणे, आमिष दाखवणे, मारण्या-पकडण्यासाठी हाकारणे, पक्ष्यांची अंडी किंवा घरटी नष्ट करणे हेही त्यात येते. माळरानावरचे काळवीट आणि चिंकारा अनुसूची एकमध्ये आहेत. त्यांच्या शिकारीसाठी तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड अशी तरतूद आहे.

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचा प्रश्न इथे येतोच. रोही आणि रानडुकरे रात्रीत उभे पीक आडवे करतात, हे खरे. पण त्यावरही स्वतः हत्यार उचलण्याची मुभा नाही. कलम ११ नुसार अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाशिवाय कारवाई करता येत नाही. नुकसान झाले तर लगेच जवळच्या वन कार्यालयात कळवून पंचनामा करून घ्यावा आणि भरपाईसाठी अर्ज करावा. शिकारीचा संशय आला, जखमी प्राणी दिसला तर वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे.

दुर्बिणीचा खरा उपयोग इथेच कळतो. ती असली की जवळ जावे लागत नाही. काळविटांचा कळप माणूस जवळ आला की उधळतो, आणि पळण्यात खर्च झालेली ताकद उन्हाळ्यात चारा-पाणी कमी असताना त्यांना महागात पडते. जमिनीवर अंडी घालणारी टिटवी आपल्यामुळे उठली की अंडी उन्हात उघडी पडतात. आवाज न करता, एका जागी उभे राहून दुर्बिणीने पाहिले तर त्यांचा दिनक्रम तुटत नाही.

यंदा कुठे वापराल?

जालना शहराला पाणी पुरवणारा निजामकालीन घाणेवाडी जलाशय आणि शहरातलाच मोती तलाव ही सुरुवात करायला सोयीची ठिकाणे. बदनापूर तालुक्यात सोमठाण्याजवळ ऊर्ध्व दुधना प्रकल्पाचे पाणी आहे. अंबड, घनसावंगी तालुक्यांतून जाणारा गोदावरीचा काठ तर आहेच.

एक दिवस हाताशी असेल तर पैठणचा नाथसागर गाठा. १९६५ मध्ये पायाभरणी झालेल्या आणि १९७६ मध्ये लोकार्पण झालेल्या जायकवाडी धरणाचा हा उथळ, पसरट जलाशय १९८६ मध्ये पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. छत्रपती संभाजीनगर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत तो पसरला आहे. हिवाळ्यात चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, रोहित यांचे थवे इथे दिसतात, आणि हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब हंसही. पाण्याचा विस्तार मोठा असल्याने पक्षी लांब असतात आणि दुर्बीण तासन् तास डोळ्याला असते. हार्नेसची खरी परीक्षा इथेच. मंठ्याच्या पलीकडे, बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवरही एका दिवसात होते. तिथे उतार उतरायचा असल्याने दोन्ही हात मोकळे असणे फार मोलाचे.

वाचकांना पडणारे प्रश्न

कॅमेरा आणि दुर्बीण दोन्ही एकाच हार्नेसवर लावता येतात का? शक्यतो नको. दोन्ही एकमेकांवर आपटतात. दुर्बीण हार्नेसवर, कॅमेरा तिरप्या पट्ट्यावर कुशीला.

हार्नेसमुळे चित्र स्थिर दिसते का? थोडेफार. पण स्थिरतेचा मोठा भाग कोपर छातीला टेकवण्यात आणि दुर्बिणीच्या क्षमतेत आहे. दहापट दुर्बिणीत हाताचा कंपही आठपटीपेक्षा जास्त जाणवतो. नवशिक्याने ८×४२ पासून सुरुवात करावी.

आधी दुर्बीण चांगली घ्यावी की हार्नेस? आधी दुर्बीण. पण सगळे पैसे काचेवर घालून पट्ट्यासाठी काहीच उरले नाही, असे करू नका. पिशवीत पडून राहिलेल्या महागड्या दुर्बिणीपेक्षा छातीवर तयार असलेली साधी दुर्बीण जास्त पक्षी दाखवते.